मोठ्या जातीचे कुत्र्याचे पिल्लू आणि मांजराचे पिल्लू एकाच घरात : सुरुवात चुकली, आता कसे सावरावे?

पानगळ

नमस्कार. आमच्या घरात सध्या दोन पिल्ले आहेत आणि दोन्हींची जबाबदारी आम्ही विचारपूर्वक घेतलेली आहे. चिंगी हे मांजराचे पिल्लू आईविना सापडले तेव्हा जेमतेम सहा आठवड्यांचे होते. आता ते नऊ आठवड्यांचे असून त्याचे वजन ९०० ग्रॅम आहे. पाच दिवसांपूर्वी ढब्बू आला. तो जर्मन शेफर्ड जातीचा नर आहे, ११ आठवड्यांचा आहे आणि आताच ९ किलो भरतो. दोघेही लहान आहेत, तेव्हा एकमेकांना सहज रुळतील अशी आमची समजूत होती आणि त्या समजुतीपायी पहिल्याच दिवशी आमच्या हातून चूक घडली.

ढब्बू घरात येऊन अर्धा तासही झाला नव्हता, तेव्हा मी चिंगीला हातांत घेऊन त्याच्यासमोर बसले. त्याने तिला हुंगले, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच केला, शेपटी जोरजोरात हलवली आणि पुढच्या क्षणी आपला पंजा तिच्या पाठीवर टाकला. तो पंजा तिच्या डोक्याएवढा होता. चिंगीने फिस्कारून त्याच्या नाकावर बोचकारले, माझ्या मनगटावरून उडी घेतली आणि ती वॉशिंग मशीनमागच्या फटीत शिरली. रात्री उशिरापर्यंत ती बाहेर आली नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिने अन्नाला तोंड लावले नाही. तेव्हापासून ती झोपण्याच्या खोलीत बंद आहे. ढब्बूच्या नखांचा फरशीवर आवाज आला की ती पलंगाखाली जाते. तो दाराबाहेर बसून फटीला नाक लावतो आणि कुंईकुंई करत राहतो.

घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे आहे की, दोघांना मोकळे सोडावे, दोन बोचकारे बसले की कुत्रे आपसूक शहाणे होते. मला ते धोक्याचे वाटते, पण उलट बाजूने ठामपणे काय सांगावे हे कळत नाही. ढब्बूचे ते वागणे खेळाचे होते की शिकारीचे? किती दिवस वेगळे ठेवावे? शिवाय संधी मिळाली की तो चिंगीचे अन्न संपवतो आणि दोनदा तर तिच्या लिटर ट्रेमधील (शी-शूसाठी मातीसारखे लिटर भरून ठेवलेल्या पसरट भांड्यातील) विष्ठाही त्याने खाल्ली. ज्यांनी मोठ्या जातीचा कुत्रा आणि मांजर लहानपणापासून एकत्र वाढवले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उंबरठा

पानगळताई, आमच्याकडे ग्रेट डेन या फार मोठ्या जातीचा कुत्रा आणि एक मांजरी अशी जोडी नऊ वर्षे एकत्र राहिली, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पुढचे पाय टेकवून मागचा भाग उंच करणे हे कुत्र्यांचे खेळायला बोलावणे आहे आणि पंजा टाकणे हाही त्याच खेळाचा भाग आहे. त्याला आपल्या भावंडांशी असेच खेळायची सवय होती. तेव्हा तुमच्या पिलाच्या मनात काही वाईट होते असे मला वाटत नाही. मात्र इथे त्याच्या मनात काय होते याने फारसा फरक पडत नाही, कारण ९ किलोच्या पिलाने प्रेमाने टाकलेला पंजाही ९०० ग्रॅमच्या जिवाची बरगडी मोडू शकतो. सहा महिन्यांचा होईपर्यंत हाच ढब्बू २५ किलोच्या आसपास जाईल, तर चिंगी तेव्हा जेमतेम अडीच-तीन किलोची असेल. म्हणूनच जे शिकवायचे ते त्याला एका हाताने थोपवता येते आहे तोवर शिकवायला हवे.

आता 'बोचकारे बसले की शिकेल' याविषयी. वडीलधाऱ्यांना हे सांगून पाहावे की, मांजराची नखे नाकावर लागली तर ओरखडा उठतो, पण डोळ्यावर लागली तर बुबुळाला जखम होते, आणि पिल्लू वास घेण्यासाठी तोंडच पुढे करत असल्यामुळे डोळे नेहमी नखांच्या टप्प्यात असतात. दुसरे म्हणजे बोचकारल्यानंतर मांजर पळते. पळणारी वस्तू पाहिली की कुत्र्याच्या अंगात जी ऊर्मी उठते, तिच्यापुढे नाकावरच्या ओरखड्याची आठवण टिकत नाही. पाठलाग करण्यातच त्याला इतका आनंद मिळतो की वेगळे बक्षीस लागत नाही. चार वेळा पाठलाग घडला की ती सवय होते, आणि कळप राखण्यासाठी घडवलेल्या जातींत ती अधिकच लवकर मुरते. म्हणून आमच्या घरात पहिल्या दिवसापासून एकच नियम होता: एकही पाठलाग घडू द्यायचा नाही. तो घडल्यावर रागावण्यापेक्षा घडूच न देण्याची व्यवस्था करणे फार सोपे असते.

तुम्ही पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी. चिंगीची खोली तिचीच राहू द्या. तीन-चार दिवस फक्त वासाची देवाणघेवाण करा. तिच्या अंथरुणातील एक फडके ढब्बूच्या जागेजवळ आणि त्याचे फडके तिच्या खोलीत, पण तिच्या अन्नापासून दूर ठेवा. फडके हुंगून ती निवांतपणे दुसरीकडे गेली तर पुढे जायला हरकत नाही. फिस्कारली तर आणखी दोन दिवस थांबा. त्यानंतर दोघांची जेवणे बंद दाराच्या दोन बाजूंना सुरू करा. भांडी सुरुवातीला दारापासून इतकी लांब असावीत की दोघेही मान खाली घालून शांतपणे खातील, आणि मग रोज ती वीतभर जवळ सरकवावीत.

दार उघडण्याची वेळ आली की दारात लहान मुलांसाठी मिळते तसे जाळीचे फाटक लावा, आणि ते जमिनीपासून चार-पाच इंच वर बसवा. मोठ्या जातीच्या पिलाच्या बाबतीत हा एक मोठा फायदा असतो: त्या फटीतून मांजर सहज सरकते, पण पिलाचे डोके आणि छाती अडते. आमच्या मांजरीला त्या फटीचा इतका भरवसा वाटू लागला की ती फाटकापासून हातभर अंतरावर बसून अंग चाटू लागली. पळून जाण्याची वाट समोर दिसत असली की मांजर पळत नाही, आणि मांजर पळाले नाही की कुत्र्याला पाठलाग सुचत नाही. पुढची सगळी मेहनत मी या दोन गोष्टींवर उभी केली.

प्रत्यक्ष शिकवणीचा प्रसंग जरा सविस्तर सांगतो. ग्रेट डेनचे पिल्लू फिरून आणि शू करून आले, थोडे दमले की मी त्याला लीश (गळपट्ट्याला अडकवायची दोरी) लावून फाटकापासून दहा फुटांवर जमिनीवर बसत असे. लीश ढिली असायची, कारण ताणलेल्या लीशमुळे कुत्रा अधिकच ताठतो. मांजरी पलीकडे दिसली की तो तिच्याकडे एकटक पाहत असे, कान पुढे आणि कपाळाला आठ्या. मी काहीही बोलत नसे. पाच सेकंद, कधी वीस सेकंद जात, आणि मग कधीतरी तो क्षणभर मान वळवे, माझ्याकडे किंवा नुसते भिंतीकडे. त्याच क्षणी मी हळू आवाजात 'शाब्बास' म्हणून खाऊचा बारीक तुकडा त्याच्या पायांमध्ये जमिनीवर ठेवत असे. तुकडा खाली ठेवल्यामुळे त्याची मानही खाली जाई. दोन-तीन मिनिटांत अशा सात-आठ खेपा झाल्या की मी उठून त्याला दुसरीकडे नेत असे. दिवसातून चार वेळा हे चाले. अकराव्या दिवशी मांजरी फाटकाशी आली तेव्हा त्याने तिला पाहिले आणि आपणहून मान वळवून माझ्या हाताकडे पाहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्री वाटली की हे जमणार.

त्याला नेमके काय शिकवायचे आहे, याबद्दल घरातील सर्वांचे एकमत असावे. आपण त्याला मांजराशी मैत्री करायला शिकवत नाही. मांजर ही घरातली लक्ष न देण्याजोगी गोष्ट आहे, एवढेच शिकवतो. मैत्री झाली तर ती त्यांची त्यांना होईल. 'बघ बघ, चिंगी आली' असे उत्साहाने म्हणणे, तिला उचलून त्याच्या तोंडाजवळ नेणे, दोघांचे एकत्र छायाचित्र काढण्यासाठी धरून बसवणे, हे सगळे पूर्ण थांबवा. हातांत धरलेल्या मांजराला पळायची वाट नसते, आणि पहिल्या दिवशी तुमच्याकडे नेमके हेच झाले.

एक पशुवैद्य

उंबरठा यांनी वर्तनाविषयी चांगले लिहिले आहे, म्हणून मी आरोग्यापुरते लिहितो. सर्वांत निकडीची गोष्ट प्रथम सांगतो.

कुत्र्यांच्या पिसवा आणि गोचिडींसाठी मानेवर सोडायचे जे थेंब मिळतात, त्यांपैकी काहींत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असते. कुत्र्याला ते सोसते. मांजराच्या यकृताला मात्र त्याचा निचरा नीट करता येत नाही, आणि थेंब टाकलेल्या कुत्र्याला घासून किंवा चाटूनही मांजराला विषबाधा होऊ शकते. अंगाला कंप सुटणे, लाळ गळणे, तोल जाणे आणि मग झटके येणे अशी लक्षणे काही तासांत दिसू लागतात. नऊ आठवड्यांच्या पिलाला हे जिवावर बेतू शकते. म्हणून दोघे एकत्र राहतात हे तुमच्या डॉक्टरांना प्रत्येक वेळी आवर्जून सांगा आणि ढब्बूसाठी पर्मेथ्रिन नसलेलेच औषध मागा. चुकून संपर्क झालाच, तर लक्षणांची वाट न पाहता मांजराचे अंग कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या सौम्य साबणाने धुऊन, पुसून, उबदार कापडात गुंडाळून लगेच दवाखान्यात न्यावे. माणसांच्या तापावरचे पॅरासिटामॉलही मांजरासाठी विषच आहे, ते कधीही देऊ नये.

अन्नाची सरमिसळ दोघांनाही बाधते, पण कारणे वेगळी आहेत. मांजराच्या पिलाच्या अन्नात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतात. ढब्बूने ते रोज खाल्ले तर त्याला जुलाब होतील, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो भराभर वाढेल. मोठ्या जातीच्या पिलाला असे बाळसे मानवत नाही, कारण सांधे आणि हाडे पक्की होण्याआधीच त्यांच्यावर भार येतो. नितंबाच्या सांध्याच्या दोषाकडे आधीच कल असलेल्या जातींत तर हे कटाक्षाने टाळावे. त्याच्या बरगड्यांवरून हलका हात फिरवला तर त्या बोटांना लागल्या पाहिजेत. त्याला मोठ्या जातीच्या पिलांसाठी बनवलेले अन्न द्यावे आणि वरून कॅल्शियमच्या गोळ्या किंवा पूड देऊ नये. कोवळ्या वयात आतड्यातून शोषले जाणारे जास्तीचे कॅल्शियम अडवण्याची क्षमता पिलांत पुरेशी नसते, आणि त्याचे दुष्परिणाम हाडांवर दिसतात.

उलट बाजूने, चिंगीने कुत्र्याच्या अन्नावर वाढणे अधिक गंभीर आहे. मांजराला टॉरीन हे अमिनो आम्ल अन्नातूनच मिळावे लागते, कारण त्याचे शरीर ते पुरेसे तयार करू शकत नाही. कुत्र्यांच्या अन्नात ते मांजराच्या गरजेपुरते असेलच असे नाही. टॉरीन दीर्घकाळ कमी पडले तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयविकाराशी असलेला हा संबंध १९८७ साली स्पष्ट झाला आणि त्यानंतर मांजरांच्या तयार अन्नातील टॉरीनचे प्रमाण वाढवले गेले. तेव्हा चिंगीचे भांडे तिच्या खोलीत, फाटकाच्या आत ठेवा. ती उडी मारण्याजोगी झाली की ते उंचावर हलवा. ढब्बूचे भांडे मात्र जेवण संपताच उचलून ठेवा.

लिटर ट्रेसाठीही खोलीतील ती जागाच योग्य आहे. मांजराची विष्ठा कुत्र्यांना चविष्ट लागते, त्यात त्याचा काही वाईटपणा नाही. पण त्यातून जंत जाऊ शकतात, आणि ओले झाल्यावर गुठळ्या होणारे लिटर पोटात जास्त गेले तर ते आतड्यात अडकू शकते. वरून झाकलेला, एकच दार असलेला ट्रे या घरात वापरू नका. ढब्बू दाराशी उभा राहिला तर आत चिंगी कोंडली जाईल, आणि एकदा असे घडले की ती ट्रेमध्ये जाणेच सोडून देईल.

लसीकरणाबाबत थोडक्यात. दोघांच्याही लसींचे डोस साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन १६ आठवड्यांपर्यंत चालतात आणि रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर देतात. काही जण 'कुत्र्याचे आजार मांजराला होत नाहीत' असे मानून मांजराच्या लसी लांबवतात, तसे करू नये. कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू १९७८ च्या सुमारास समोर आला. तो मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या जीवघेण्या आजाराच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे आणि त्याचे नंतरचे प्रकार मांजरांनाही बाधू शकतात. गजकर्णासारखे त्वचेचे बुरशीजन्य आजार आणि पिसवांमार्फत होणारे पट्टकृमी दोघांत आणि माणसांतही फिरतात. म्हणून जंताचे औषध दोघांना एकाच वेळापत्रकाने द्यावे; मात्र प्रत्येकाला त्याच्या वजनाप्रमाणे, आणि कधीही एकाचे दुसऱ्याला नाही.

आणखी एक. चिंगी त्या रात्री उपाशी राहिली, तसे पुन्हा झाले तर थांबून पाहू नका. इतक्या लहान पिलाने १२ तासांच्या आसपास काही खाल्ले नाही तर रक्तातील साखर उतरू शकते.

धीर देणारी गोष्टही सांगतो. तेल अवीव विद्यापीठातील अभ्यासकांनी २००८ साली एकाच छपराखाली राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा एक वर्षाच्या आत असताना भेट झाली, आणि मांजर घरात आधी आलेले असले, तर संबंध चांगले राहण्याची शक्यता अधिक असल्याचे त्यांना आढळले. तुमच्या घरात हे तिन्ही जुळून आलेले आहे.

कातरवेळ

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटतात, तरीही आमचा अनुभव लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्याकडे सुरुवात चांगली होऊनही पुढे बिघडले.

आमचा कुत्रा मिश्र जातीचा, उंच आणि वेगवान होता. तो घरी आला तेव्हा पाच महिन्यांचा होता आणि मांजर तीन महिन्यांचे. आम्ही फाटक लावले, लीश वापरली, आणि दोन महिन्यांत दोघे एकाच गालिच्यावर झोपू लागले. मग आम्ही निर्धास्त झालो. फाटक काढले, लीश काढली. कुत्रा नऊ-दहा महिन्यांचा झाला तसा तो बदलू लागला. हाक मारली तर ऐकूनही न ऐकल्यासारखे करू लागला आणि बाहेर पक्षी दिसला की थरथरत उभा राहू लागला. त्या वयात कुत्रे पुन्हा एकदा नव्याने शिकवावे लागते, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

त्याच सुमारास मांजर जवळून गेले की तो अधूनमधून गुरगुरत असे. आम्ही ज्या प्रशिक्षकाला विचारले त्याने गुरगुरताक्षणी जोरात दटावण्यास सांगितले. आम्ही तसे केले आणि त्याचे गुरगुरणे थांबले. ते थांबले याचा आम्हाला आनंद झाला, पण प्रत्यक्षात आम्ही त्याची पूर्वसूचना देण्याची सवय मोडली होती आणि आतली अस्वस्थता तशीच राहिली होती. एका संध्याकाळी मी दाराशी कोणाशी तरी बोलत असताना मांजर त्याच्या चघळायच्या हाडाजवळून गेले. भुंकणे नाही, गुरगुरणे नाही. मी मागे वळून पाहिले तेव्हा मांजर त्याच्या तोंडात होते. मागच्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले. मांजर वाचले, पण त्यानंतर दोघे शेवटपर्यंत वेगळ्या खोल्यांत राहिले आणि आम्ही घड्याळ लावून दारे उघडत-मिटत राहिलो.

म्हणून माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की, शेपटी हलते आहे का यापेक्षा शरीर सैल आहे की ताठ आहे ते पाहावे. खेळणाऱ्या कुत्र्याचे अंग लवलवते, तोंड उघडे असते, तो मध्येच थांबतो, बाजूला होतो, पुन्हा येतो. ज्या कुत्र्याच्या मनात शिकार जागी झालेली असते तो शांत असतो: तोंड मिटलेले, मान पुढे, नजर खिळलेली, पावले सावकाश. हाक मारूनही ती नजर सुटत नसेल तर त्या क्षणी त्याला तिथून न्यावे आणि पुढचे काही दिवस एक पायरी मागे यावे. चघळायची हाडे, खेळणी आणि अन्न यांच्या वेळी दोघे एका खोलीत नकोतच. आणि तो गुरगुरला तर त्याला दटावू नका; अंतर वाढवा.

पानगळ

तिघांचेही मनापासून आभार. कातरवेळ, तुमचा प्रसंग वाचून त्या रात्री मला झोप लागली नाही, पण तो वेळेवर वाचायला मिळाला याचे बरे वाटते. घरात सर्वांना तो वाचून दाखवला आणि 'मोकळे सोडा' हा आग्रह तिथेच थांबला.

सहा दिवसांत आम्ही फडक्यांपासून बंद दाराच्या जेवणापर्यंत आलो आहोत. काल जाळीचे फाटक बसवले. दोन अडचणी आहेत. संध्याकाळी सातच्या सुमारास ढब्बू अक्षरशः अंगात आल्यासारखा धावतो, पायांना चावतो, आणि त्या वेळी चिंगीचा नुसता आवाज आला तरी फाटकावर झेपावतो. दुसरी अडचण म्हणजे चिंगीच आता फाटकाखालून पंजा काढून त्याची शेपटी ओढते आणि आत पळते. हिला कसे आवरावे?

उंबरठा

ताई, संध्याकाळच्या त्या धावपळीमागे बहुतेक वेळा झोपेची कमतरता असते. या वयाच्या पिलाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते, आणि घरात माणसे, आवाज, मांजर असे सगळे असताना ते स्वतःहून झोपत नाही. दुपारी दीड-दोन तास आणि पुन्हा साडेपाचच्या सुमारास त्याला क्रेटमध्ये (कुत्र्याच्या झोपण्याच्या पिंजऱ्यात), वर चादर टाकून, चघळायला काही देऊन झोपवा. क्रेट चिंगीच्या दारापासून शक्य तितका लांब ठेवा. पहिले दोन दिवस तो कुरकुरेल, पण आठवड्यात तुम्हाला वेगळे पिल्लू दिसेल. झोप न झाल्याने असे अनावर झालेल्या पिलाला शिकवणी कधीही देऊ नका; त्या वेळी फाटकावर आतून एक चादर टाकून दृश्यच बंद करा.

तो फरशीवर वेगाने धावून घसरत असेल तर जाण्यायेण्याच्या वाटेवर रबरी पाठीची पायपुसणी किंवा जाजम अंथरा. पाठलाग टाळायला मी सांगतो ते चिंगीच्या जिवासाठी आहेच, पण गुळगुळीत फरशीवरच्या त्या अचानक वळणांचा ताण वाढत्या सांध्यांवरही येतो.

चिंगीचे वागणे शुभ लक्षण आहे. पलंगाखाली लपणारे पिल्लू शेपटी ओढू लागले याचा अर्थ त्याला घर पुन्हा आपले वाटू लागले आहे. तिला रागावू नका. तिच्या शिकवणीच्या आधी दहा मिनिटे काठीला बांधलेल्या पिसांशी तिला दमेपर्यंत खेळवा आणि लगेच जेवू घाला. खेळ, जेवण, अंग चाटणे, झोप हा मांजराचा क्रमच आहे. खेळ संपला की दोरीची वस्तू उचलून ठेवा, कारण गिळलेली दोरी आतड्याला कापते. तिची नखे दर दोन आठवड्यांनी टोकाकडून किंचित कापत जा, म्हणजे ढब्बूचे नाक आणि डोळे सुरक्षित राहतील. मुख्य म्हणजे तिला उंची द्या. खोलीत आणि बाहेरच्या दालनातही तिला जमिनीवर न उतरता एका कपाटावरून दुसऱ्यावर जाता आले पाहिजे. ढब्बू मागच्या पायांवर उभा राहिला की पाच फुटांपर्यंत पोहोचेल हे लक्षात ठेवून फळ्या आताच त्याहून वर बसवा आणि चढण्यासाठी मधले टप्पे अरुंद ठेवा.

एक पशुवैद्य

एक पुरवणी. चिंगी चार-साडेचार महिन्यांची झाली की नसबंदीविषयी डॉक्टरांशी बोला, कारण मांजरी त्या वयात माजावर येऊ शकते. ढब्बूच्या बाबतीत उलट आहे. मोठ्या जातीच्या नराची वाढ पूर्ण होत येईपर्यंत शस्त्रक्रिया लांबवणे अनेकदा सांध्यांच्या दृष्टीने हिताचे ठरते. दोघांची एकाच दिवशी उरकून घेऊ, असा विचार करू नये.

पानगळ

सात आठवड्यांनी लिहिते आहे. ढब्बू आता १८ आठवड्यांचा असून १८ किलोंचा झाला आहे. चिंगी पावणेदोन किलोंची आहे. वरील सर्व सूचना पाळल्या. क्रेटमधील झोपेमुळे संध्याकाळचा गोंधळ खरोखरच आठवड्याभरात ओसरला.

चौथ्या आठवड्यात एकदा घसरण झाली. ढब्बूची लीश माझ्या हातातून सुटली, चेंडू घरंगळत चिंगीच्या दिशेने गेला आणि तो तिच्या मागे धावला. ती फाटकाखालून आत गेली आणि तो फाटकावर आदळला. कोणाला लागले नाही. आम्ही दोन पायऱ्या मागे आलो, पाच दिवस पुन्हा दहा फुटांवरून बसलो, आणि चेंडूचा खेळ कायमचा घराबाहेर नेला.

काल दुपारची गोष्ट सांगते. ढब्बू त्याच्या जाजमावर पडलेला होता, लीश माझ्या पायाखाली होती. चिंगी कपाटावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खाली उतरली, फाटकाकडे न जाता सरळ त्याच्या समोरून चालत आली आणि जाता जाता तिची शेपटी त्याच्या नाकावरून फिरली. त्याने डोके उचलले. तोंड किंचित उघडे होते, कान सैल होते. त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि हनुवटी पुन्हा पुढच्या पायांवर टेकवली. मी इतकी थक्क झाले होते की खाऊ द्यायला दोन क्षण उशीर झाला. चिंगी चार फुटांवर जाऊन बसली आणि पंजा चाटू लागली.

कातरवेळ यांनी सांगितल्याप्रमाणे फाटक काढलेले नाही आणि आम्ही घरात नसताना दोघे वेगळ्याच खोल्यांत असतात. ढब्बू दोन वर्षांचा होईपर्यंत हे असेच चालू ठेवायचे असे घरात ठरले आहे. फळ्यांची उंचीही आज पुन्हा मोजली; खालची फळी आणखी एक फूट वर न्यावी लागेल, ते काम या आठवड्यात करून घेते.